पट्टीतल्या चार गोळ्या

उभा राहा. तो फोन खिशात घाल आणि माझ्याकडे बघ.

आठवी ते दहावी मी तुला विज्ञान शिकवलं. महाडच्या त्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसायचास आणि ‘का?’ विचारल्याशिवाय एक ओळ उतरवून घ्यायचा नाहीस. म्हणूनच आज तुझ्यावर जास्त चिडले आहे. न शिकलेल्याला समजावून सांगता येतं. शिकलेल्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं की त्याचा कानच धरावा लागतो. तुझं नाव मी इथे घेणार नाही. ते तुझ्यासाठी नव्हे, तुझ्या बायकोसाठी. पण बोलणार आहे चारचौघांत, कारण तू जे केलंस ते महाड-पोलादपुरातल्या कितीतरी घरांत चाललं आहे आणि त्यातले बरेच जण माझ्याच हाताखालून गेलेले आहेत.

गेल्या रविवारी तुझ्या लेकीला बघायला आले. पोलादपूरहून उमरठच्या वाटेची एसटी धरली, फाट्यावर उतरले, चढ चढून वाडीत पोचले. हातात बाळंतविड्याची पिशवी होती. पुढच्या अंगणात तू पाहुण्यांना चहा देत होतास. मागच्या पडवीत तुझी बायको भिंतीला टेकून बसली होती. उन्हाने पत्रा तापलेला, सव्वा महिना उलटलेला, तरी तिच्या कानांना फडकं घट्ट बांधलेलं. झोळीत पोर रडत होतं. पान्हा सुटून तिचा ब्लाऊज कमरेपर्यंत भिजला होता आणि ती समोरच्या कुडाकडे बघत होती. रडणं तिला ऐकू येत होतं. मान वळत नव्हती. शेजारच्या ताटलीत अळिवाचा लाडू तसाच होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मी विचारलं, “झोप लागते का गं?” ती म्हणाली, “बाई, बाळ झोपलं तरी माझा डोळा लागत नाही. माझ्याने हिचं काही होणार नाही. मी नसले तर हिचं चांगलं होईल.”

ऐकलंस? तुझ्या घरात, तुझ्यापासून दहा पावलांवर हे वाक्य पडून होतं आणि ते उचलायला मला महाडहून यावं लागलं.

मी औषध मागितलं. तुझ्या आईने तांदळाच्या डब्यामागून पट्टी काढून दिली. दहा गोळ्यांची पट्टी. सहा खळगे रिकामे, चार गोळ्या जागच्या जागी. डॉक्टरांच्या कागदावरची तारीख पाहिली, अठरा दिवसांपूर्वीची होती. अठरातून सहा गेले, किती राहिले? बारा. बारा दिवस त्या पोरीचं औषध बंद होतं. आणि फळीवर पुढे, सगळ्यांना दिसेल अशी एक उंच बाटली. तिच्यावर हिरवं पान आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी अक्षरं. फोनवरून मागवलेली.

तू मला म्हणालास, “बाई, त्या डोक्याच्या गोळ्या आहेत. बाळ अंगावर पितंय. म्हटलं, नैसर्गिक काहीतरी द्यावं.”

एका दमात तीन चुका. एकेक तपासू.

पहिली चूक, ‘डोक्याच्या गोळ्या’. म्हणजे तुझ्या मते हा खरा आजार नाहीच. बाळंतपणात वार पडते आणि नऊ महिने शरीरात वाढलेली संप्रेरकं काही दिवसांत धाडकन खाली येतात. रक्त गेलेलं असतं, रात्रीची झोप तुटलेली असते, अंग दुखत असतं. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक बाळंतिणी हळव्या होतात, कारण नसताना रडतात. ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, माया लागते. पण दोन आठवडे उलटले, तरी मन काळवंडलेलंच राहिलं, भूक गेली, बाळ झोपलं तरी झोप येईना, बाळाबद्दल काहीच वाटेना किंवा अखंड धास्ती वाटू लागली, की तो आजार असतो. प्रसूतीनंतरचं नैराश्य. मधुमेहाला जसं नाव आहे, तसं यालाही आहे.

आणि तो दुर्मीळ नाही. शेजारच्या गोव्यात म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात २७० गरोदर बायकांची नोंद करून त्यांच्याकडे बाळंतपणानंतर पुन्हा विचारपूस केली होती. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणींना नैराश्य होतं. पुढे २०१७ मध्ये भारतभरातले ३८ अभ्यास एकत्र मांडले, वीस हजारांवर बायकांचे. आकडा आला २२ टक्के. म्हणजे तुझ्या वाडीत पाच बाळंतिणी असतील, तर त्यांतली एक. तिला ‘बाहेरचं झालंय’ म्हणून अंगारा लावतात, नाहीतर ‘नखरे करते’ म्हणून सोडून देतात. गोव्याच्याच अभ्यासात पुढे दिसलं की अशा आयांची बाळंही सहा महिन्यांनी वजनात मागे पडतात. ‘बाळासाठी गोळी बंद केली’ म्हणालास ना? मग हेही बाळाचंच आहे. लिहून घे.

दुसरी चूक, ‘बाळ अंगावर पितंय’. शंका रास्त होती. ती डॉक्टरांना विचारायची होती. तू विचारलीस फोनला. तुझ्या बायकोला दिलेली गोळी सर्ट्रालिन आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला नैराश्यासाठी औषध द्यायची वेळ आली, की डॉक्टर बहुधा हीच आधी निवडतात, कारण ती दुधात फार थोडी उतरते. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा आजारी असेल, तर अधिक जपून ठरवतात. हे सगळं तपासलेलं आहे, आयांच्या दुधात आणि बाळांच्या रक्तात मोजलेलं आहे.

आता तुझी ती बाटली आण. वाच, काय लिहिलंय. अश्वगंधा, शतावरी, आणखी पाच-सात नावं. यातलं बाळाच्या पोटात किती जातं? कोणी मोजलंय? अश्वगंधा अंगावर पाजणाऱ्या आईने घेतली तर काय होतं, याची धड माहितीच नाही. ती घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो. बाळंतपणानंतर काही बायकांचा थायरॉइड आधीच बिघडतो आणि तो बिघाड हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. म्हणजे तू अंधारात आणखी एक दिवा विझवलास. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं; २००४ मध्ये ते छापून आलं. प्रत्येक बाटली वाईट, असं मी म्हणत नाही. तुझ्या बाटलीत काय आहे ते तुलाही ठाऊक नाही, एवढंच म्हणते. ज्या घरात मोजलेल्या गोळीची भीती वाटते आणि न मोजलेल्या बाटलीचा भरवसा वाटतो, त्या घरात विज्ञानाची वही कधीची रद्दीत गेली.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी, ‘नैसर्गिक’. अरे, विंचवाचं विषही नैसर्गिक आहे. हे महाडच्या मुलाला मी सांगायचं? तुझ्या आजोबांना विचारलं असतंस, तर त्यांनी सांगितलं असतं की लाल विंचू चावला की या खोऱ्यात काय व्हायचं. पाला ठेचून लावायचे, मांत्रिक विष उतरवायचा, आणि अंगाला घाम फुटून, फुप्फुसात पाणी होऊन धडधाकट पोरं सकाळपर्यंत जायची. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रात्र रात्र रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी लिहून ठेवलं की विष हृदयावर कसं जातं. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मग रक्तदाबावरची एक साधी गोळी, प्राझोसिन, त्यांनी विंचूदंशावर वापरली आणि १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. शंभरातले चाळीस दगावायचे तिथे आता एखादाच दगावतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम बिरवाडीत झालं, महाडात झालं, तुझ्या-माझ्या अंगणात झालं. ज्या मातीने जगाला शिकवलं की विषावर पाला नको, वेळेवर गोळी हवी, त्या मातीतला मुलगा आज आपल्या बायकोची गोळी तांदळाच्या डब्यामागे लपवतो?

आता म्हणशील, “बाई, सहा गोळ्या दिल्या होत्या. काही फरक पडला नाही.” सहा दिवसांत पडणारच नव्हता. ही डोकेदुखीची गोळी नाही. तिचा परिणाम दिसू लागायला दोन आठवडे लागतात, नीट दिसायला चार ते सहा. पहिल्या आठवड्यात तर मळमळ, अस्वस्थपणा, डोकं जड होणं हेच आधी दिसतं. तेवढंच तुला दिसलं आणि तू हात काढून घेतलास. भाताचं रोप लावून सहाव्या दिवशी लोंबी शोधतोस का? आणि बरं वाटू लागल्यावरही गोळी लगेच सोडायची नसते. बहुधा आणखी किमान सहा महिने चालू ठेवतात, मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात. तिची चटक लागत नाही. पण एकदम तोडली तर चक्कर येते, जीव घाबरा होतो आणि आजार उलटतो. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी, किती आणि किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचं. नैराश्य सौम्य असेल तर नुसतं बोलून, समुपदेशनानेही भागतं, हेही तेच सांगतील. घरात कोणाला कधी उन्मादाचा आजार झाला होता का, हेही ते विचारतील, तेव्हा लपवू नकोस. त्यावर औषध बदलतं.

पूरक आहाराला मी शत्रू मानत नाही. पण त्यातही तुझा हिशेब उलटा. आशाताईने लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक घ्यायची, फुकट. त्या कुठे आहेत? ‘शौचाला काळं होतं’ म्हणून खिडकीत ठेवल्या आहेत, मी पाहिल्या. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्त कमी आहे, हे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. रक्त कमी असलेल्या बाईला थकवा येतो, चिडचिड होते, उभारी धरवत नाही. जे पूरक सिद्ध झालंय, सरकारने दारात आणून दिलंय, ते खिडकीत वाळतंय, आणि जे सिद्ध झालेलं नाही त्याला हजारो रुपये. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! रक्त तपासा, थायरॉइड तपासा, बी-१२ तपासा. कमी असेल ते भरून काढा. पण तेवढ्याने नैराश्य जाईल असं समजू नका. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं एवढं नाव आहे ना? ऑस्ट्रेलियात जवळजवळ २,४०० गरोदर बायकांवर ते तपासलं, निम्म्यांना माशाचं तेल, निम्म्यांना साधं वनस्पती तेल. २०१० मध्ये निकाल आला. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात काही फरक नाही.

वहिनी, तुम्ही याच्या आई, आता तुमच्याशी. तुम्ही माझ्याच वयाच्या, म्हणून स्पष्ट बोलते. तुमचे लाडू, पेज, बाळाचा शेक, तेल लावणं, यात मला काही खोटं दिसत नाही. ती माया आहे आणि ती चालू राहू द्या. पण बाळाला मांडीवर घेताना तुम्ही परवा म्हणालात, “पुन्हा मुलगीच.” सूनबाई दाराआड होती. तिने ते ऐकलं. गोव्याच्या त्या अभ्यासात हेच दिसलं होतं. घरात उपासमार असेल, नवऱ्याचा हात उठत असेल, तर मुलगी झालेल्या आईवर त्याचा घाव जास्त खोल जातो. तुमच्या या दोन शब्दांवर कुठल्याही बाटलीत औषध नाही. ते तुम्हालाच परत घ्यावे लागतील, तिच्यासमोर, नातीला हातात घेऊन. आणि ते कानांचं फडकं आज सोडा. तिला आंघोळ करू द्या, मोकळं बसू द्या.

तुम्ही म्हणाल, आम्ही अकरा बाळंतपणं काढली, आम्हाला नाही असलं काही झालं. झालं होतं, वहिनी. आपल्या लहानपणी वाडीत एखादी विहिरीकडे गेली ती परत आली नाही, आणि लोक ‘पाय घसरला’ म्हणाले. पाय दरवेळी घसरला नव्हता.

उपाय आपल्या हातातही आहेत. रावळपिंडीच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून नैराश्य आलेल्या आयांशी घरी जाऊन बोलायला लावलं. २००८ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनी ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यात शंभरात २३ जणी आजारी राहिल्या होत्या, बाकीच्यांत ५३. त्याच पद्धतीवर पुढे गोव्यात ‘संगत’ संस्थेने शेजारच्या बायांनाच हे काम शिकवलं. आपल्या आशाताई तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. तुझ्या बायकोचं दुखणंही एकविसाव्या दिवशी त्यांनीच ओळखलं होतं, त्यांनीच डॉक्टरांपर्यंत नेलं होतं. त्यांनी दोर टाकला आणि तू तो कापलास. त्यांच्या पाया पड, निदान त्यांची माफी माग.

रविवारी दुपारीच आपण तिला डॉक्टरांकडे नेलं. औषध पुन्हा सुरू झालं आहे. पण माझं काम संपलेलं नाही. आता ऐक, हा गृहपाठ आहे आणि तो तुझ्या एकट्याचा नाही, वाचणाऱ्या प्रत्येक घराचा आहे.

तू नोकरीसाठी नवी मुंबईत, ती इथे, हे निदान तीन महिने चालणार नाही. तिला तिकडे ने, नाहीतर रजा काढून इथे राहा. रात्रीची एक पाळी तुझी. तिने दूध पाजलं की बाळ तू घ्यायचं, तिला सलग चार-पाच तास झोप मिळाली पाहिजे. तीही औषधच आहे. गोळ्या घरात एका भरवशाच्या माणसाच्या ताब्यात असाव्यात, त्यानेच रोज एकेक द्यावी, कारण मरणाचे विचार येणाऱ्या माणसाच्या हाती गोळ्यांचा साठा देत नाहीत. पावसाळा लागण्याआधी पुढच्या महिन्याचं औषध ठरवून ठेव. २२ जुलै २०२१ ला दरडीखाली तळिये गेलं, साखर सुतारवाडी गेली, महाड पाण्यात बुडालं, तेव्हा या खोऱ्यातले रस्ते कसे तुटले ते तू पाहिलंस. आंबेनळी घाट बंद आहे म्हणून गोळी बंद पडली, असं व्हायला नको. वैद्यांचं काही चालू ठेवायचं असेल तर दोन्ही कागद डॉक्टरांसमोर ठेव. कोणतीही बाटली डॉक्टरांना न दाखवता उघडायची नाही. आसवं-अरिष्टंसुद्धा नाहीत, त्यांत मद्यार्क असतो.

आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे विचारायला घाबरायचं नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, असतो तो बाहेर येतो. ‘हो’ म्हणाली, तर तिला क्षणभर एकटी सोडायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ती भलतंच बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, झोपेविना रात्र रात्र भिरभिरू लागली, बाळाबद्दल विचित्र काही म्हणू लागली, तर तो त्याहून मोठा आजार आहे. हजारात एखाद-दोघींना होतो, पण तिथे तास मोजायचे असतात. बाळ दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं. बाकी वेळी, मध्यरात्री काही सुचेनासं झालं, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक तांदळाच्या डब्यावर चिकटव. जिथे औषध लपवलंस, तिथेच.

तू वाईट मुलगा नाहीस. बायकोसाठी पगारातले पैसे मोडून बाटली मागवलीस, त्यामागे काळजी होती, हे मला दिसतं. पण काळजीला चौकशीची जोड नसेल तर ती घात करते. तुला ‘का?’ विचारायची सवय मीच लावली होती. बाटली विकणाऱ्याला एकदा विचारलं असतंस, की हे बाळंतिणींवर कुठे तपासलं, किती जणींवर, निकाल काय, तर हे बारा दिवस वाया गेले नसते.

येत्या रविवारी मी पुन्हा येते आहे. पहिल्या एसटीने. मागच्या पडवीत तिच्याजवळ बसेन, पोर मांडीवर घेईन. तू पट्टी घेऊन समोर यायचं. मी गोळ्या मोजणार आहे.